फळीखाली काय आहे

सगळे हात वर होते.

मी अजून प्रश्न धड विचारलाही नव्हता. टेबलावर फळी मांडली, गोट्यांचा डबा शेजारी ठेवला आणि नववी ‘ब’ला एवढंच म्हणालो, की या फळीखाली मी काहीतरी लपवलंय, ते उचलून न बघता ओळखायचंय. तेवढ्यात अख्खा वर्ग हात वर करून बसला. काही उजवे हात, काही डावे. आणि या उजव्या-डाव्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता.

बी.एड.च्या वार्षिक पाठाला बाहेरून परीक्षक येतात. ते मागं बसून आपलं शिकवणं बघतात आणि गुण देतात. त्यामुळे आमच्या कॉलेजात एक युक्ती वरच्या बॅचकडून खालच्या बॅचकडे वारशानं चालत आली होती. आदल्या दिवशी त्याच वर्गावर जाऊन तोच पाठ घ्यायचा, मुलांकडून उत्तरं घोटून घ्यायची आणि बजावून ठेवायचं: येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, पण हात सगळ्यांचा वर पाहिजे. परीक्षकाला वर्ग कसा उत्साहानं उसळलेला दिसतो आणि आपण उजवे हात तेवढे वेचून घ्यायचे.

मी ही तालीम केली नव्हती. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हतो, पण माझा पाठच असा होता की तालीम केली तर त्यात मागं काही उरणारच नव्हतं. अणूची रचना शिकवायची होती. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून ‘मध्ये केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन’ असं सांगणं मला नको होतं. अणूच्या आत कोणी डोकावून बघितलेलं नाही. रुदरफोर्डनं सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण सोडले, ते कुठून बाहेर येतात एवढंच बघितलं आणि त्यावरून आत काय असेल ते ताडलं. हे ताडणं मुलांना स्वतःच्या हातांनी करू द्यायचं, एवढाच माझा हट्ट.

म्हणून मी ती फळी बनवली होती. खाली एक जाड पाट, त्यावर चार कोपऱ्यांना सूत गुंडाळायच्या कांडीचे तुकडे, आणि त्यांवर प्लायवूडची फळी. इचलकरंजीत मागावरच्या कांड्यांना काय तोटा? माझा थोरला भाऊ मागावरच होता. त्यानंच वाया गेलेलं सूत आणून दिलं आणि फळीच्या चारी कडांना मी त्याची दाट झालर सोडली. झालरीतून गोटी आत जायची आणि पलीकडून बाहेर यायची, पण नजर आत जात नव्हती. प्रत्येक कडेला एक ते अकरा अशा खडूच्या खुणा होत्या. मधोमध एक मोठा लोखंडी नट स्क्रूनं आवळून बसवला होता. रात्री जागून मी तो आवळला, तेव्हा भाऊ म्हणाला होता, की एवढ्या कष्टात एक माग उभा राहिला असता.

“हां, सांग बाळ,” मी पुढच्या बाकावरच्या एका उजव्या हाताला म्हणालो. दुसरं करणार काय?

“केंद्रक, सर,” तो पोरगा उभा राहून घडाघडा म्हणाला. “मधोमध एक लहान, जड, धनप्रभारित केंद्रक असते. बाकी अणू पोकळ असतो.”

अजून एकही गोटी डब्यातून बाहेर आली नव्हती.

शेवटच्या बाकावर माझा मित्र सुकुमार मगदूम निरीक्षणाची वही घेऊन बसला होता. त्यानं मला वहीच्या आडून अंगठा दाखवला आणि मला सगळा उलगडा झाला. फळी मी आदल्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवून गेलो होतो. या भल्या माणसानं ऑफ तासाला ती वर्गात आणून माझ्या वतीनं तालीम उरकून टाकली होती. मैत्रीखातर. मला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला.

सुकुमारला तरी काय दोष द्यायचा? त्याला माझी काळजी होती. माझा पहिला वार्षिक पाठ, गणिताचा, साफ पडला होता. मध्येच एक पायरी चुकली, घाम फुटला आणि उत्तर काही केल्या येईना. दुसराही पडला तर वर्ष गेलं, असं आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं. गावच्या हायस्कुलात विज्ञानाची जागा माझ्यासाठी जूनपर्यंत थांबवून ठेवली होती. निकाल हातात नसेल तर ती दुसऱ्या कुणाला जाणार आणि भावानं आणखी एक वर्ष माझ्यासाठी दोन पाळ्या करायच्या. एवढं सगळं त्या फळीवर मांडून मी उभा होतो.

आणि परीक्षकही तेच होते. खटावकर सर. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट, भुवया अशा की न बोलता माणूस गुन्हेगार ठरावा. पहिल्या पाठानंतर ते मला एकच वाक्य बोलले होते: “उत्तर येत नव्हतं, तर तसं सांगायचं होतं.”

आता ते खुर्चीत सरळ झाले.

“चौगुले, तुमचा पाठ संपला की,” ते म्हणाले. “आता उरलेला तास काय करणार?”

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. दोन वाटा होत्या. एक, काहीच घडलं नाही असं दाखवून सोंग पुढं चालवायचं, मुलांनी गोट्या टाकायच्या, मी ‘शाबास’ म्हणायचं. बहुतेक सगळे तेच करायचे आणि बऱ्यापैकी गुण घेऊन जायचे. दुसरी वाट मला त्या वेळी दिसली तेव्हा ती विचार करून दिसली असं मी म्हणणार नाही. बुडत्याला काडी दिसावी तशी दिसली.

“सर,” मी म्हणालो, “तुम्हीच एक वस्तू आत ठेवाल का? माझी काढून टाका आणि तुमच्याकडची कुठलीही ठेवा, हवी तिथं. मुलं डोळे मिटतील. मी फळ्याकडे तोंड करतो. काय ठेवलंय ते मलाही सांगू नका.”

खटावकर सर माझ्याकडे बघत राहिले. मग उठले.

“मागच्या बाकावरचे गुरुजी, तुम्हीसुद्धा,” ते म्हणाले. सुकुमारनं मुकाट्यानं खिडकीबाहेर तोंड केलं.

फळ्याकडे बघत मी उभा राहिलो. मागं फळी उचलल्याचा आवाज आला. मग काहीतरी खटपट, जोर लावल्यासारखं हुंकारणं. मग थोडा वेळ काहीच नाही. खिसे चाचपल्याची सळसळ. फळी पुन्हा कांड्यांवर टेकली आणि पावलं खुर्चीकडे गेली.

“हं. चालू द्या.”

आता आत काय आहे ते वर्गात एकट्या खटावकर सरांना माहीत होतं. शिक्षक म्हणून टेबलापाशी उभं राहायचं आणि आपल्याला उत्तर माहीत नाही, ही अवस्था कशी असते ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. हात बांधून पंगतीला वाढायला उभं केल्यासारखं वाटतं.

मी मुलांना गटागटानं पुढं बोलावलं. एकानं गोटी सोडायची, दुसऱ्यानं पलीकडून झेलायची, तिसऱ्यानं फळ्यावरच्या आराखड्यात रेघ मारायची. गोटी सरळ गेली तर सरळ रेघ, परत आली तर फुली. पहिल्या पोरानं फळ्याकडच्या कडेवरून सहाव्या खुणेवरून गोटी सोडली. आत ‘ठक्क’ झालं आणि गोटी मागं आली.

“केंद्रक!” सगळा वर्ग ओरडला.

खिडकीकडच्या कडेवरूनही सहाव्या खुणेवर तेच झालं. पुन्हा ठक्क, पुन्हा मागं. मग एक-दोन-तीनवरून गोट्या सोडल्या, त्या सरळ पार झाल्या. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे सरांनीही आपली वस्तू मधोमधच ठेवली होती. मुलं खूश, सुकुमार खूश. फळ्यावरची आकृती पुस्तकातल्यासारखी दिसायला लागली.

“झालं ना?” खटावकर सर म्हणाले. “एकच वस्तू, मधोमध. लिहा निष्कर्ष.”

मी खडू उचलला. तेव्हा तिसऱ्या बाकावर एक हात वर गेला. डावा.

ती तस्लीम मोमीन होती. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्यांची. तिचे वडीलही मागावरचेच, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. डावा हात घ्यायचा नसतो. सुकुमार मागून मान हलवून तेच सांगत होता. तिनंही डावा हात शिकवल्याप्रमाणेच वर केला असणार, की मला उत्तर येत नाही. पण या वेळी तो एकटाच हात वर होता आणि ती तो खाली घेत नव्हती.

“बोल,” मी म्हणालो.

“सर, मला उत्तर येत न्हाई,” ती म्हणाली. “पर सगळी सहावरच टाकाय लागल्यात. नाहीतर एक, दोन, तीनवर. पल्याडच्या खुणांवरनं कुणी टाकलंच न्हाई. मी टाकून बघू काय?”

मी फळ्याकडे बघितलं. खरंच. सातपासून पुढं एकही रेघ नव्हती. उत्तर मधोमध आहे असं घोटून घेतल्यावर कडेला कोण तपासणार? माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

“ये,” मी म्हणालो.

ती पुढं आली. फळ्याकडच्या कडेवर तिनं सातव्या खुणेवर गोटी ठेवली आणि बोटानं ढकलली. सरळ पार. आठ, सरळ पार. नऊ, तीही पार. मुलं कंटाळली होती, मागं चुळबुळ सुरू झाली. मग तिनं दहाव्या खुणेवरून गोटी सोडली आणि आत ‘टण्ण’ असा आवाज आला. पितळी भांड्याला नख लागावं तसा. गोटी परत तिच्या हातात आली.

मागची मुलं उठून पुढं वाकली.

“वाकडी गेली असंल, सर,” पुढच्या बाकावरचा तो घडाघडा बोलणारा म्हणाला. “केंद्रक एकच असतंय.”

“तिचा हात हलला,” खटावकर सर खुर्चीतूनच म्हणाले. “आत एकच वस्तू आहे, मधोमध. मी स्वतः ठेवली आहे. वेळ होत आला, चौगुले. आटपा.”

त्यांच्या मांडीवर गुणांचा कागद होता आणि हातात उघडं पेन. मी त्या पेनाकडे बघितलं आणि मला भाऊ आठवला, झालरीसाठी सूत आणून देणारा. ज्यानं वस्तू ठेवली तोच माणूस सांगतोय, एक आहे. आणखी काय पुरावा पाहिजे? फळ्यावर ‘एक’ लिहायचं, दोन वाक्यांत रुदरफोर्ड गुंडाळायचा, नमस्कार करायचा. घंटा व्हायला फार वेळ उरला नव्हता.

तस्लीम मात्र जागेवर गेली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. सरांकडे नाही, माझ्याकडे.

“सर,” तिनं विचारलं, “तुम्हाला म्हाईत हाय काय आत काय हाय ते?”

“नाही,” मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. पहिल्या पाठाला हाच शब्द मला बोलता आला नव्हता.

“मग पुन्हा टाक,” मी म्हणालो. “आणि सगळ्यांनी गप्प बसून नुसतं ऐका.”

तिनं सहावरून टाकली. ठक्क. दहावरून टाकली. टण्ण. मग मी त्या पुढच्या बाकावरच्या पोराला बोलावलं आणि त्याच्या हातानं तेच करायला लावलं. त्यानं मुद्दाम खुणेशी अगदी वाकून, श्वास धरून गोटी सोडली. दहावर पुन्हा टण्ण झालं. त्याचा चेहरा पडला.

“आता सांग,” मी त्याला म्हणालो. “मधल्या तिन्ही खुणांवरून गोट्या पार गेल्या. म्हणजे तिथं मोकळी जागा आहे. सहावर एक आवाज, दहावर दुसरा. एक वस्तू दोन ठिकाणी कशी असेल?”

त्यानं फळ्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “दोन हैत, सर.”

“पर सर तर एक म्हणाले,” मागून कुणीतरी बोललं.

मी खटावकर सरांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. मुलांना म्हणालो, “सर मोठे आहेत. त्यांनी वस्तू ठेवली आहे. ते म्हणतात, एक. गोट्या म्हणतात, दोन. अणूच्या बाबतीत आपल्याला सांगणारं कुणीच नसतं, गोट्याच असतात. म्हणून मी गोट्यांचं लिहितो.”

आणि फळ्यावर लिहिलं, ‘दोन’.

घंटा झाली. मुलं एका सुरात म्हणायला लागली, फळी उचला, फळी उचला. खटावकर सर खुर्चीवरून ताडकन उठले.

“उचलायची नाही,” ते जरा जास्तच जोरात म्हणाले. “अणू कुणी उचलून बघतं का?”

गुणांचा कागद घडी करून ते मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघून गेले. वर्ग मधल्या सुट्टीला पांगला. सुकुमार माझ्यापाशी आला, त्याचा चेहरा उतरला होता.

“अरे शहाण्या,” तो म्हणाला, “एक लिहिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? परीक्षकाला वर्गात खोटं पाडतोस?”

वर्ष गेलं, हे मला कळून चुकलं होतं. भावाला कसं सांगायचं, याचीच मनात जुळवाजुळव चालली होती. सुकुमारवर रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चहा सांगायला गेला.

तस्लीम खाली सांडलेल्या गोट्या डब्यात गोळा करत होती. वर्गात आम्ही दोघंच उरलो होतो.

“बघायचं काय, सर?” तिनं विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. मीच तासभर अणूच्या गप्पा मारल्या होत्या. पण शेवटी मीही माणूसच. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून फळी वर उचलली.

मधोमध माझा नट होता. स्क्रूनं आवळलेला, जागच्या जागी. तो हातानं निघणारच नव्हता. ‘माझी काढून टाका’ म्हणताना घाईत माझ्या डोक्यातूनच ते गेलं होतं. आणि दहाव्या खुणेसमोर, झालरीजवळ, पितळेची एक जड डबी होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

“चुन्याची डबी!” तस्लीम म्हणाली आणि तिनं ओढणी तोंडावर धरली. “आमच्या अब्बांकडं हाय की अशीच. तंबाखूसंगं लागतीया.”

मग तिचं हसू ओसरलं.

“दोन हैत, सर,” ती म्हणाली. “त्यास्नी म्हाईत हुतं. मग एक का म्हणाले?”

मला उत्तर येत नव्हतं आणि तेही मी तिला सांगितलं.

डबी रुमालात गुंडाळून मी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेलो. मुख्याध्यापक समोर बसले होते, त्यांच्या डोक्यावर ‘शालेय परिसरात तंबाखू सेवनास मनाई’ अशी पाटी. खटावकर सर चहाचा कप तसाच ठेवून सारखे खिसे चाचपत होते. मला बघून ते उठले आणि बाहेर व्हरांड्यात आले. मी रुमाल पुढं केला. त्यांनी तो डबीसकट खिशात टाकला.

“उचललीत ना?” ते म्हणाले.

“हो, सर.”

“तुमचा नट निघेना. खिशात दुसरं काही नव्हतं,” ते म्हणाले. त्यांच्या भुवयांखाली मी पहिल्यांदाच डोळे बघितले. थकलेले होते. “चौगुले, एवढी वर्षं पाठ बघतोय. मुलांचे हात वर, उत्तरं तोंडपाठ, गुरुजी खूश. तुमचाही तसाच सुरू झाला. म्हटलं, बघू या, हा माणूस किती वेळ टिकतो. म्हणून एक म्हणालो.”

राग यावा की पाया पडावं, कळेना. माझ्या वर्षाशी हा माणूस गोट्या खेळला होता.

“मी टिकलो नाही, सर,” मी शेवटी म्हणालो. “त्या मुलीनं विचारलं म्हणून.”

“कुठाय ती?”

तस्लीम खांबापाशी गोट्यांचा डबा छातीशी धरून उभी होती. माझ्या मागोमाग आली असणार. खटावकर सर तिच्याकडे गेले. एवढा उंच माणूस तिच्यासमोर थोडा वाकला.

“दोनच होत्या, बाळ,” ते म्हणाले. “तुझा हात हलला नव्हता. मी खोटं बोललो होतो.”

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. हसली नाही, लाजली नाही. “मला ठावं हुतं,” एवढंच म्हणाली आणि गोट्यांचा डबा माझ्या हातात देऊन मधल्या सुट्टीत पळाली.

गुणांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. निकाल लागला तेव्हा मी पास होतो. जूनमध्ये गावच्या हायस्कुलात रुजू झालो. पहिल्या दिवशी भाऊ शाळेच्या दारापर्यंत सोडायला आला होता, रात्रपाळी करून, न झोपता. फळी त्याच्याच डोक्यावर होती.

ती फळी अजून माझ्याकडे आहे. सूत दोनदा बदललं, कांड्या त्याच आहेत. नट मी काढून टाकला. दर वर्षी अणूचा धडा आला की वर्गातल्याच एका मुलाला वस्तू ठेवायला सांगतो आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. मग गोट्या सुटायला लागतात आणि कधीतरी मागून एखादं पोर विचारतं, सर, तुम्हाला तरी माहीत आहे का?

मी नाही म्हणतो आणि त्याला पुढं बोलावतो.